मोरडावर सात तास

सतरा एचपीचा लाल ट्रॅक्टर, मागे झुडपं कापायचं पातं,
तासाला नऊशे, डिझेल माझं.
कोरगावच्या मोरडावर पोचले तेव्हा
दंव सुकलं नव्हतं
आणि जमीन कुठेच दिसत नव्हती.

रानमोडी माझ्या डोक्याच्या वर.
तिच्यात घाणेरी, घाणेरीत करवंदीची जाळी,
मधूनच एक काजू, कुणीही न लावलेला.
एक-चौदाच्या उताऱ्यावर मालक म्हणून बेनार्द फुर्ताद,
तो स्विंडनला गोदामात खोकी उचलतो.
त्याचा निरोप एका ओळीचा:
साफ करून ठेव, फोटो हवेत.

खेमलो पुढे. एका हातात कोयता, एका हातात काठी.
त्याने आधी राखणदाराला विडा ठेवला,
गाऱ्हाणं घातलं:
जनावर असेल त्याला वाट दे,
चिरा असेल तो दाखव,
बायच्या ट्रॅक्टराचा फिल्टर तुंबू देऊ नको.
फिल्टरचं तेवढं ऐकलं देवाने.
चिरा मात्र तिसऱ्याच पट्ट्याला लागला,
पिन तुटली.
मी डब्यात अशा अकरा पिना ठेवते,
गाऱ्हाण्यावर विश्वास आहे तरी.

हिरवा कडवट वास, डिझेलचा वास,
कानात कापूस, कापसातूनही घरघर.
मोर सगळ्यात शेवटी निघाला,
भाडं थकवलेल्या बिऱ्हाडकरूसारखा,
मागे वळून वळून बघत.
मग पात्याला तार गुंडाळली,
तारेला नायलॉनचं जाळं,
रानडुकरांसाठी कुणीतरी कधीतरी लावलेलं.
अर्धा तास आम्ही पोटावर पडून
ते कापत होतो.
खेमलो म्हणाला, डुकरं कधी अडली नाहीत बाय,
आपणच अडलो.

जेवणानंतर, मधल्या तुकड्यात,
गाडी उसळू लागली.
दगडावर उसळते तशी नव्हे,
एका मापाने:
दर दीड हाताला एक उचकी,
खाली, वर, खाली, वर,
माझ्या बैठकीतून, माझ्या कण्यातून.
मी इंजिन बंद केलं, उतरले,
चुरलेला पाला पायाने सारला.
काही दिसेना.
बसून तळहात फिरवला तेव्हा कळलं,
सऱ्या.

नातालीनच्या मिरचीच्या सऱ्या, खेमलो म्हणाला.
बेनार्दची आई. गुडघा गेला त्या वर्षी
खणून ठेवल्यान् आणि रोपं लावायला आली नाही.
तेवीस वर्षं
वर रान उगवत होतं, जळत होतं, परत उगवत होतं,
खाली हिची ओळ तशीच होती,
लाल मातीत, फावड्याच्या रुंदीची.

मी बेनार्दला बोलून निरोप पाठवला,
सगळं सांगितलं, सऱ्यांचं, दीड हाताचं.
तिकडे सकाळ असावी.
दोन निळ्या खुणा. बराच वेळ काही नाही.
वरून मोप्याला उतरणारं एक विमान गेलं,
चाकं सोडलेली, इतकं खाली
की खेमलोने काठी दाखवली त्याला.
मग बेनार्दचं उत्तर:
फोटोत सपाट दिसतं ना?

मी मेरेवर उभी राहून फोटो काढले,
चार बाजूंचे चार.
दिसत होतं सपाट.
तसंच कळवलं.
सपाट करायचं पातं माझ्याकडे आहे,
त्याचा दर वेगळा,
तो त्याने विचारला नाही, मी सांगितला नाही.

सहा तास चाळीस मिनिटं. मी सात लावले,
जाळ्याचा वेळ धरून.
मुळं आम्ही काढत नाही, कधीच नाही.
रानमोडी शिमग्यापर्यंत गुडघ्याला येईल,
पुढल्या पावसात खांद्याला,
आणि कुणी भिंत घातली नाही
तर दिवाळीनंतर मला फोन येईल.

परतताना मधल्या तुकड्यावरून
गाडी आडवी घातली, गरज नसताना,
पातं उचलून, दुसऱ्या गिअरात.
खेमलो मागे मडगार्डवर बसलेला.
दर उचकीला त्याचा कोयता
लोखंडावर वाजत होता,
आणि तो मोजत होता.
एकेचाळीस, म्हणाला. बाय, एकेचाळीस.